आमची वाटचाल: भोसरीच्या टूलरूममधून डोळ्याच्या खोबणीपर्यंत

भोसरीत आमचं डाय-पंचचं काम. चालता धंदा सोडून हाडांच्या नादाला कशाला लागलात, असं मेहुणे अजून विचारतात. जबड्याच्या सर्जन असलेल्या एक मॅडम डोळ्याच्या खोबणीचं फुटलेलं हाड झाकायची टायटॅनियमची जाळी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "ऑपरेशन चालू असताना ही वाकवत बसते. तुम्ही आधीच आकार देऊन द्याल का?" थ्रीडी प्रिंटरवर कवटीचं मॉडेल छापलं, त्यावर जाळी वाकवली. पहिलं बिल तेच.

पुढे जाळीऐवजी त्या रुग्णाच्या मापाची पूर्ण प्लेटच टायटॅनियमच्या भुकटीतून छापू लागलो. खोबणीचा तळ जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर, नाकाकडची भिंत त्याहून पातळ. आतली जागा एक मिलीलिटरने वाढली तरी डोळा जवळपास मिलिमीटरभर आत जातो. म्हणून कॉम्प्युटरवर शाबूत बाजू आरशासारखी उलटवून फुटक्या बाजूवर बसवायची. प्लेटचं मागचं टोक उरलेल्या हाडाच्या कंगोऱ्यावर टेकलंच पाहिजे. त्याच्या पलीकडे दृष्टीची नस. छापताना प्लेटखाली येणारे आधाराचे खांब, म्हणजे सपोर्ट, तोडल्यावर आमचे मिस्त्री सुईकानस घेऊन बसतात. शेवटी कडेवरून कापूस फिरवतात. एक धागा अडकला, की प्लेट पुन्हा कानशीखाली.

तिसऱ्या वर्षी मात्र बुडालोच होतो. एका मोठ्या रुग्णालयातून तीन मिलिमीटरच्या कापांचा सीटी स्कॅन आला. एवढ्या जाड कापांत पातळ हाड हरवतं, तिथे भोक दिसतं. घाईचं काम म्हणून आम्ही हो म्हटलं, ही आमची चूक. मागचा कंगोरा चुकला, प्लेट डुगडुगली, सर्जननी ती बाजूला ठेवून साधी जाळी बसवली. रुग्णाला इजा झाली नाही. पण रुग्णालयाने आमची सगळीच बिलं अडवली, आधीच्या नीट बसलेल्या चार प्लेट्सचीसुद्धा. तयार प्लेटा विकणारा एक डीलर गावभर सांगत सुटला, "डायवाल्यांनी डोळ्यात हात घालू नये." यंत्राचे हप्ते थकले. वडिलांनी घेतलेला सरफेस ग्राइंडर विकला. त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत.

मॅडमनी तेवढं विचारलं, "सीटी किती मिलिमीटरचा होता?" आणि पुढच्याच आठवड्यात दोन केस पाठवल्या.

मधली वर्षं काम येत गेलं.

नव्या पोरांना सांगतो: एक मिलिमीटरच्या वरचा सीटी घेऊ नका, फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो तर नाहीच. सर्जनची सही आल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. आणि अर्धे पैसे आधी घ्या. त्या चार प्लेट्सचे आमचे अजून यायचेत.