माळ्यावरची आखणी

पेणजवळ हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात मी फक्त डोळे करतो. साच्यातून मूर्ती काढणं, भेगा भरणं, घासकाम, अंगाचा रंग, पितांबर हे सगळं दुसऱ्यांचं. माझ्यापुढे मूर्ती येते ती रंगलेली, पण आंधळी. या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. आधी डोळ्यातला पांढरा, मग झिरो नंबरच्या ब्रशने पापणीची रेघ, भुवई, बुबुळ, शेवटी त्यात चमकेचा ठिपका. रेघ ओढताना श्वास धरायचा.

म्हणून मला एकांत हवा होता. खाली रेडिओ, घासकामाच्या बायकांच्या गप्पा, त्यात गिऱ्हाईक खांद्यावरून डोकावणार, "दादा, जरा हसरे करा हं." तसं त्याचंही बरोबरच. गणपतीचं तोंड सोंडेखाली झाकलेलं, सगळं हसू डोळ्यांवरच येऊन पडतं.

त्या आषाढात भावनगरहून आणलेला शाडू वाळता वाळेना. हॅलोजन लावूनही काम आठ दिवस मागे. शेठनी शेवटी माळा रिकामा करून ४० मूर्ती वर चढवल्या. "घे तुझा एकांत."

रात्री साडेनऊला बसलो. पत्र्यावर पाऊस, बाकी चिडीचूप. पहिल्या सहा मूर्ती अशा झाल्या की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. पण एक गोष्ट मी धरलीच नव्हती. खाली डोळे झालेली मूर्ती लगेच कोणीतरी उचलतं, प्लास्टिक घालून बाजूला ठेवतं. इथे उचलायला कोणी नव्हतं. दहा झाल्या, पंधरा झाल्या, सगळ्या भिंतीला लागून, माझ्याकडे तोंड करून. एकट्यासाठी घेतलेला माळा तासातासाला भरत चालला. दोनच्या सुमारास त्यांना भिंतीकडे वळवावं म्हणून उठलो, पण देवाला पाठमोरं कसं करायचं? पुन्हा बसलो. खाली जाऊन रेडिओ आणावा असंही मनात आलं. इतकी वर्षं मागे लागून मिळवलेला एकांत, लाज वाटली.

सकाळी घासकामाच्या काकू चहा घेऊन वर आल्या. रांगेवरून नजर फिरवून म्हणाल्या, "काय रे, हे सगळे खाली का बघतायत?"

बघतो तर खरंच. पहिले सहा सरळ. पुढे बुबुळं केसाकेसाने उतरत गेलेली, शेवटच्या ओळीतले गणपती तर रडवेले. सुटी मूर्ती पाहिली तर कळणार नाही, ओळीत ठेवली की झाकत नाही. शेठ म्हणाले, पाट बुटका पडला, तुझी नजर चुकली. असेलही. पण पहिल्या सहांनाही पाट तोच होता.

३४ मूर्तींचे डोळे खाली बसून परत केले. रेडिओ, गप्पा, गिऱ्हाइकं, सगळं अंगावर घेत. एकही चुकला नाही, आणि त्याचाच मला राग आला.

यंदाही माळा मागितलाय. शेठनी उंच स्टूल करून घेतलंय.