वायफाय कॅमेरा सारखा ऑफलाईन जातोय? आधी तो कधी जातो ते बघा

घरचा वायफाय कॅमेरा सारखा ऑफलाईन जायला लागला की लोक आधी राऊटर बदलतात, मग कॅमेरा बदलतात, आणि नवा कॅमेरापण चार दिवसांत तसाच जायला लागतो. माझं याबाबतीत आता पक्कं मत आहे, एक रुपया खर्च करायच्या आधी कॅमेरा कधी जातो याची वेळ लिहून ठेवा. रात्रीच जातो का, लाईट येऊन गेल्यावर जातो का, पाऊस लागला की जातो का, की कधीही जातो. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आमचं घर कुडाळजवळ, आईबाबा दोघंच असतात आणि मी पुण्यात, त्यामुळे माझ्यासाठी हे कॅमेरे म्हणजे हौस नाही. आई पहाटे मागच्या दारी विहिरीकडे जाते, शेवाळ असतं तिथे, आणि नेमकं तेव्हाच ॲपवर ऑफलाईन दिसलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून एकेका कॅमेऱ्याच्या मागे लागले.

पडवीतला कॅमेरा दिवसभर मस्त चालायचा आणि तिन्हीसांजा झाल्या की गायब, मग येतो, परत जातो. आईच एकदा फोनवर म्हणाली, "अगं तो रात्री आपोआप मान फिरवतो, मी तर हातपण लावत नाही." हे फार कामाचं होतं, कारण असे फिरणारे कॅमेरे चालू होताना स्वतःहून एकदा इकडून तिकडे फिरून घेतात, म्हणजे कॅमेरा नुसता वायफायवरून सुटत नव्हता, बंद पडून परत चालू होत होता. अंधार पडला की आतले आयआर दिवे, म्हणजे रात्री दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे, लागतात आणि कॅमेरा जास्त करंट ओढतो. ॲडॉप्टर ५ व्होल्टचा, आणि त्याच्यापुढे वायरमनने लांबलचक बारीक यूएसबी एक्स्टेंशन जोडलेली, अशा केबलमध्ये अर्धा-एक व्होल्ट सहज पडतो, दिवसा भागतं, रात्री भागत नाही. बाबांना सांगितलं, "बाबा, प्लगच कॅमेऱ्याच्या जवळ आणून घ्या आणि ती एक्स्टेंशन काढून टाका, कॅमेऱ्याबरोबर आलेली वायरच लावा." बोर्ड जवळ आला, ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर लावला, तेव्हापासून तो कॅमेरा रात्री हललेला नाही. वायफायचा यात काडीचा संबंध नव्हता.

मागच्या दारचा वेगळा. तो लाईट गेली आली की जायचा, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तो कॅमेरा इन्व्हर्टरवर, राऊटर मात्र साध्या प्लगवर. लाईट गेली की राऊटर बंद, परत चालू झाला की बरेच राऊटर कुणाला कुठला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला होता ते विसरतात आणि तोच पत्ता बाबांच्या फोनला देऊन मोकळे होतात, कॅमेरा इकडे जुनाच आयपी धरून बसलेला, मग दोघांची टक्कर. उपाय दोन केले. राऊटरच्या डीएचसीपी (आयपी वाटायच्या) सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्वेशन असतं, तिथे कॅमेऱ्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून आयपी कायमचा बांधून दिला, आणि राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालापण यूपीएस पाहिजे, नाहीतर वायफाय राहतं आणि नेट जातं. यूपीएस घेताना राऊटरच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट-अँपिअर काय लिहिलंय ते बघूनच घ्या.

हे करताना राऊटरमध्ये शिरलाच आहात तर वायफायची सेटिंगपण नीट करून टाका. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, आणि राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर काही कॅमेरे गोंधळतात, म्हणून २.४ ला वेगळं नाव द्या. चॅनेल ऑटोवर ठेवू नका, १, ६ किंवा ११ यातलं जे मोकळं असेल ते, फोनवर वायफाय ॲनालायझर टाकलं की दिसतं. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२, कारण जुन्या कॅमेऱ्यांना डब्ल्यूपीए३ झेपत नाही. आमच्याकडे आजूबाजूला माड आणि फणस, त्यामुळे गर्दीचा प्रश्न नाही, पण पुण्यात माझ्या सोसायटीत संध्याकाळी सगळे घरी आले की २.४ वर नुसती खिचडी असते, तिथे चॅनेल बदलूनच फरक पडतो.

गेटवरचा कॅमेरा मात्र खरोखरच रेंजचा बळी. आमच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड, वर पडवीला पत्रा, आणि पावसाळ्यात मध्ये झाडी माजते, ओला पाला २.४ चा सिग्नल चांगलाच खातो. बाबांनी गेटपाशी उभं राहून फोनच्या वायफाय ॲनालायझरवर सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) वाचला, उणे ८० च्या आसपास. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ च्या आत असेल तर निर्धास्त, उणे ७० च्या पुढे गेला की कुरकुर सुरू, आणि कॅमेऱ्याचा अँटेना फोनपेक्षा बहुतेक वेळा कमजोरच असतो. दुकानदार म्हणाला एक्स्टेंडर गेटजवळच लावा. तसं करू नका, जिथे सिग्नलच मेलेला आहे तिथे एक्स्टेंडर तरी काय पुढे पाठवणार, तो मध्यावर लागतो, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे. आम्ही पडवीच्या कडेला, पत्र्याच्या बाहेर तोंड येईल असा लावला. आता काम चालतं, पण मुसळधार पावसात अजूनही अधूनमधून सुटतो.

आणि वेळ बघूनही काही कळत नसेल तर कॅमेरा काढून त्याच्या मूळ ॲडॉप्टरसकट राऊटरशेजारी एक रात्र ठेवा. तिथे टिकला तर दोष रेंजचा किंवा तुमच्या वायरिंगचा. तिथेही गेला तर राऊटरची सेटिंग, फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), नाहीतर कॅमेराच. अजून एक, ॲपवर ऑफलाईन दिसत असताना घरातल्या कुणाला तरी फोनवरून कॅमेऱ्याच्या आयपीला पिंग करायला, म्हणजे हाक मारून तो उत्तर देतो का ते बघायला, सांगा, उत्तर आलं तर कॅमेरा वायफायवर आहे, गडबड नेटची किंवा कंपनीच्या सर्व्हरची.

मेमरी कार्ड सगळ्यांत टाकलंय, नेट नसलं तरी रेकॉर्डिंग होत राहतं. गेटचं मात्र गणपतीला गेले की कायमचंच करणार आहे. तिथपर्यंत पाईपातून लॅन केबल ओढायची आणि पीओई कॅमेरा लावायचा, वीज आणि डेटा दोन्ही एकाच वायरने. १०० मीटरपर्यंत लॅन केबल चालते, आमचं अंतर त्याच्या निम्मंपण नाही.