पावसात परत आलेला सिगरेटचा वास

मे महिन्यात गाडी बघायला गेले तेव्हा चारही काचा खाली होत्या, आत लिंबाच्या वासाचा परफ्यूम मारलेला, ऊन कडक, मला सिगरेटबिगरेटचा वास काही आलाच नाही. सेकंडहँड हॅचबॅक, आठ वर्षं जुनी, टायर बरे, कागदपत्रं नीट, घेऊन टाकली. आईला दमा आहे, तिला दर महिन्याला मालवणहून ओरोसला तपासणीला न्यायचं म्हणजे एसटीची वाट बघत उभं राहायचं, त्यासाठीच तर गाडी हवी होती.

मग जूनचा पहिला पाऊस पडला, काचा वर केल्या, एसी लावला आणि कसालचा फाटा येईपर्यंत आई खोकायला लागली. म्हणाली, "हयसर कोणी बिडी ओढली गो?" मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

नंतर कळलं की ओल असली की हा वास जास्तच येतो, कापडात आणि प्लास्टिकवर चिकटलेले धुराचे कण दमट हवेत सुटून वर येतात, आणि आपल्याकडे चार महिने दमटच. तेव्हा कोकणात सेकंडहँड गाडी घेणार असाल तर काचा बंद करून, एसीचा ब्लोअर फुल करून दहा मिनिटं आत बसा. सिगरेटच्या लायटरच्या भोकाजवळ, ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या वरच्या कडेला आणि छपराला बघा, पिवळट डाग दिसतात. मी हे काहीच केलं नव्हतं.

पहिले दोन महिने मी चुकीच्या गोष्टींवर पैसे घालवले. डॅशबोर्डवर जेलची डबी ठेवली, आरशाला सुगंधी कागद लटकवला, एकदा तर उदबत्तीही लावली. धुराचा वास घालवायला आणखी धूर! नुसता मोगरा आणि सिगरेट मिळून तिसराच वास झाला आणि आईला त्याचाही त्रास. सीटवर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे, पण जुलैत आमच्याकडे सोड्याचे गठ्ठे झाले आणि सीटच्या शिवणीतून ते काढता काढता नाकीनऊ आले.

शेवटी ज्या मेकॅनिककडे सर्व्हिसिंग करते ते दादा आत डोकं घालून एक मिनिट गप्प बसले आणि म्हणाले, "वास सीटीत नाय, वर छपरात आसा." आणि खरंच होतं ते. धूर वर जातो, छपराचं लायनिंग कापडाचं, खाली फोम, सगळं आत मुरलेलं. मी सीट घासत बसले होते आणि मूळ डोक्यावर होतं.

ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघितली, कारण ओलं केलेलं वाळलं नाही तर सिगरेटच्या जोडीला बुरशीचा वास येणार. मग तीन रविवार लागले.

सगळ्यात आधी काचा, आतून. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, मायक्रोफायबरचं फडकं. पहिल्याच फडक्यावर चहासारखा रंग उतरला, तो बघून मला गलबलून आलं, कारण आई हे श्वासातून घेत होती. निकोटिन अल्कधर्मी असतं म्हणून व्हिनेगरसारख्या आम्लाने लवकर सुटतं. डॅशबोर्ड, दाराची पॅनल, स्टिअरिंग, सगळं तसंच पुसलं. छपराला मात्र पाणी ओतायचं नाही हां, मागचा गोंद सुटतो आणि कापड लोंबायला लागतं, फक्त जेमतेम ओलं फडकं, थोडा सौम्य साबण, न घासता दाबत दाबत. तीनदा केलं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवून साबणाच्या पाण्याने धुतले, हे कुणीच सांगत नाही, पण तोंडाच्या सगळ्यात जवळचं कापड तेच असतं ना.

मग एसी. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर असतो, आमचा काढला तर काळा आणि त्यालाच राखेचा वास. धुऊन परत लावू नका, नवा टाका, ॲक्टिव्हेटेड कार्बनचा मिळाला तर उत्तम, थोडा महाग पडतो. कूलिंग कॉइलला साफ करायचा फोम मारून ते घाण पाणी खालून गळू दिलं, कारण आतलीच हवा फिरवायचं बटण चालू ठेवून कुणी ओढत असेल तर धूर सारखा त्या कॉइलवरूनच जातो. रात्री आत नारळाच्या करवंटीपासून केलेल्या ॲक्टिव्हेटेड कोळशाच्या दोन पिशव्या ठेवल्या, चुलीतला साधा कोळसा तितका वास शोषत नाही.

वास घालवायला ओझोन वायूचं मशीन लावून देतो असं एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, मी नको म्हटलं. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो, रबरही खराब करतो, आणि दम्याच्या माणसासाठी जी गाडी नीट करायची तिच्यात तो कशाला.

कुणी म्हणेल, वासच तर आहे, सवय होते. मला हे पटत नाही. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावर चिकटलेल्या निकोटिनची हवेतल्या नायट्रस ॲसिडशी रिॲक्शन होऊन कॅन्सरकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात, आणि त्यांनी एका सिगरेट ओढणाऱ्याच्या ट्रकच्या आतले पृष्ठभागही तपासले होते. म्हणजे धूर गेला तरी काहीतरी मागे उरतंच. लहान मुलं तर सीट चाटतात, दारावर हात फिरवून तोंडात घालतात. विकणाऱ्यांनी परफ्यूम मारून हे झाकू नये, निदान सांगावं तरी.

यंदा जूनमध्ये सलग तीन दिवस पाऊस, गाडी अंगणात बंद उभी. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं, नाक आत घातलं, नुसता ओल्या पायपुसण्याचा वास. आईला पुढे बसवलं, काचा बंद, एसी चालू. कसालचा फाटा गेला, ती काही बोलली नाही म्हणून बघितलं तर मान एका बाजूला करून शांत झोपली होती.