तुम्ही विचारलंत म्हणून: विरोधी आघाडीला छाया मंत्रिमंडळ का जमत नाही?

मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे इंडिया आघाडी छाया मंत्रिमंडळ का नेमत नाही, हा प्रश्न मला वर्गात आणि वर्गाबाहेरही वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ब्रिटनचे चित्र असते: सभागृहात अर्थमंत्र्यासमोर विरोधकांचा छाया अर्थमंत्री बसलेला, त्याच खात्याचा अभ्यास केलेला आणि सत्तापालट झाल्यास कदाचित तेच खाते सांभाळणारा. नेत्यांचे अहंकार आड येतात, असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. मला ते अपुरे वाटते.

ब्रिटनमधील ही व्यवस्था एका पक्षाच्या शिस्तीवर उभी आहे. छाया मंत्रिमंडळात ठरलेली भूमिका जाहीरपणे मोडायची असेल, तर आधी पद सोडावे, असा तिथला संकेत आहे. अनेक पक्ष एकत्र आले की गाडी नेमकी इथेच अडते. मलेशियात २००८च्या निवडणुकीत २२२पैकी ८२ जागा मिळवणाऱ्या तीन विरोधी पक्षांच्या आघाडीने २००९मध्ये प्रत्येक खात्यासाठी तिन्ही पक्षांचा एकेक सदस्य नेमला. कोणीही रुसू नये म्हणून काढलेला हा तोडगा. पण एका खात्याला तीन तोंडे असतील, तर जाब विचारायचा कोणी आणि उत्तराला बांधील कोण? पुढे शरियतमधील शिक्षांच्या मुद्द्यावरून आघाडीतलाच इस्लामी पक्ष (पास) आणि धर्मनिरपेक्ष डीएपी (डेमोक्रॅटिक ॲक्शन पार्टी) यांचे बिनसले आणि २०१५मध्ये ती आघाडी मोडली.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण तिथले लिबरल आणि नॅशनल हे पक्ष अनेक दशकांचे सोबती आहेत. मे २०२५मधील पराभवानंतर तेही आठवडाभर वेगळे झाले. वाद अणुऊर्जेसह काही धोरणांचा होता, परंतु तत्कालीन लिबरल नेत्या सुझन ली यांचा मुख्य आक्षेप वेगळाच होता: छाया मंत्रिमंडळाचा निर्णय न पाळण्याची सवलत नॅशनल पक्षाला देता येणार नाही. समेट झाल्यावरच दोन्ही पक्षांची संयुक्त यादी जाहीर झाली.

आपल्याकडे ही गाठ आणखी घट्ट आहे. केरळात काँग्रेस आणि डावे एकमेकांचे मुख्य प्रतिस्पर्धी आहेत. दिल्लीत डाव्यांचा खासदार छाया शिक्षणमंत्री झाला, तर केरळातील शाळांविषयी त्याने बोललेले प्रत्येक वाक्य तिथल्या काँग्रेसला अडचणीचे ठरेल. अभ्यासाची उणीव हे मात्र खरे कारण नाही. संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्यांमध्ये विरोधी खासदार खातेनिहाय काम करतातच; फक्त त्या बैठका बंद दाराआड होत असल्याने ते लोकांना दिसत नाही.

खातेवाटपाचे भांडण आधीच कशाला ओढवून घ्यायचे, असे यावर म्हटले जाते. पण ते टळते कुठे? महाविकास आघाडीने २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली आणि मंत्रिमंडळाचा विस्तार ३० डिसेंबरला झाला. निवडणुकीपूर्वीच एकत्र असलेल्या आणि प्रचंड बहुमत मिळालेल्या महायुतीलाही २०२४मध्ये २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर खातेवाटपासाठी २१ डिसेंबर उजाडला. हेच भांडण विरोधात असताना झाले, तर त्याची किंमत निदान जनतेला मोजावी लागत नाही.

म्हणून मला विचाराल, तर सर्व खाती वाटण्याचा हट्ट आघाडीने धरू नये. कृषी, रेल्वे, कामगार, आरोग्य अशी ज्यांवर घटक पक्षांचे बऱ्यापैकी एकमत होऊ शकेल, ती चार-पाच खाती निवडावीत, प्रत्येकासाठी एकच व्यक्ती नेमावी आणि कोणत्या विषयांवर कोणत्या पक्षाला वेगळे बोलण्याची मुभा आहे, हे आधीच लेखी ठरवून जाहीर करावे. गृहखाते मी सुरुवातीला त्या यादीत घेणार नाही.