सुट्टी, कौलं आणि कातळावरचा हत्ती

एप्रिल संपता संपता काकूंचा फोन आला. "आंबे खायला याल ते या, पण यंदा कामाला या. वानरांनी पडवीवरची निम्मी कौलं फोडून ठेवल्येत, विहिरीत गाळ बसलाय आणि मागचा गडगा गुरांनी पाडलाय. पावसाआधी हे झालं नाही तर मी काही या घरात चातुर्मास काढत नाही." गडगा म्हणजे दगडांचं कुंपण, आणि काकू म्हणजे नवऱ्याची थोरली काकू. वय शहात्तर. ही धमकी त्या गेली वीस वर्षं देत आहेत.

आमची यादी वेगळी होती. थोरलीला कातळशिल्पं बघायची होती, धाकट्याला कासवं, नवऱ्याला नाटे गावचा यशवंतगड. मला ओटीवरच्या झोपाळ्यावर पडून राहायचं होतं. यातलं सगळ्यात सोपं काम माझं, आणि तेच झालं नाही.

पुण्याहून कराड, मलकापूर करत अणुस्कुऱ्याने खाली उतरलो. घाटात धाकट्याने नेहमीप्रमाणे दोनदा गाडी थांबवायला लावली. पाचल मागे पडलं, राजापूर ओलांडलं आणि आडिवऱ्याच्या वाटेला लागलो की दोन्ही बाजूंना सडा, म्हणजे कातळाचं पठार, सुरू होतो. पावसाळ्यात याच सड्यावर फुलं मावत नाहीत. मे महिन्यात मात्र नुसता काळा, तापलेला कातळ, मैलोन्‌मैल. "इथे काहीच नाहीये," धाकटा म्हणाला. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कौलांना हात घातला. मे महिन्यात कोकणात माणूस मिळणं म्हणजे लग्नसराईत भटजी मिळण्यासारखं. सगळे आंब्याच्या बागेत. तिथेही हात कमी पडतात म्हणून नेपाळहून माणसं येतात. शेजारच्या वाडीतले एक काका मोठ्या मिनतवारीने दोन दिवसांसाठी आले. नवरा उत्साहाने शिडी चढला आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याने चार धड कौलं फोडली. पाय वाशावर टाकायचा असतो, दोन वाशांच्या मधे नाही, हे त्याला पाचव्या कौलाच्या वेळी समजलं. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही खालून कौलं द्या." मग साहेब खाली आणि मी वर.

मंगलोरी कौल लावायला सोपं दिसतं. मागचा दात रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीला, अडकवायचा, शेजारच्या कौलाची खाच जुळवायची, आणि पावळीकडून आढ्याकडे चढत जायचं, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी आत शिरत नाही. पण पन्नास वर्षांच्या रिपा सरळ कुठे असतात? एखादी रीप वाळवीने पोखरलेली, एखादी मधेच वाकलेली. काका नुसत्या नजरेने ओळखायचे की हे कौल इथे बसायचं नाही, आणि दुसरं मागायचे. मी तेच कौल तीन वेळा बसवून बघायचे आणि मग दुसरं मागायचे.

धाकट्याचं काम होतं खाली बसून कौलांवरचं शेवाळ घासायचं. थोड्या वेळाने तो ओरडत आला. कौलाच्या पाठीवर त्याला बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हा आकडा सापडला होता. "आपलं घर दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे!" मोह झाला होता त्याला हो म्हणायचा. पण काकूंनी ओटीवरून निकाल दिला: हे घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलं, तोवर इथे नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल देशी कौलांचं, छप्पर होतं. १८६५ हे बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते साल. तो छाप जुन्या घरांवरच्या कित्येक कौलांना असतो. धाकट्याचा चेहरा पडला. तरी ते कौल त्याने बाजूला काढून ठेवलं, लावू दिलं नाही.

कासवांचं काही जमलं नाही. वेत्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, पण आम्ही गेलो तेव्हा हंगाम उलटला होता. कुंपणातली वाळू सपाट, भोवती खेकड्यांची नक्षी. मुलं दोन तास समुद्रात डुंबली आणि कासवांना विसरली.

हत्तीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

कशेळीच्या सड्यावर कातळात खोदलेला भलाथोरला हत्ती आहे, अठरा मीटरच्या आसपास लांब. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे पालथे घालत होते, गावकऱ्यांना विचारत होते, म्हणून ही चित्रं जगापुढे आली. गावांना काही माहीत होतीच. कुठे पांडवांनी काढली म्हणायचे, कुठे आणखी काही. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे अशी नावं लागली. थोरलीने हे सगळं वहीत लिहून आणलं होतं.

आम्ही गेलो सकाळी अकराला. नाश्ता, आंघोळी, 'टोपी कुठाय' करता करता तोच वेळ झाला. ऊन थेट डोक्यावर. समोर काळा कातळ आणि त्यावर असंख्य रेघा, पण हत्ती काही दिसेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धाकटा म्हणाला, "चोरीला गेला." चित्र इतकं मोठं की जमिनीवर उभं राहून ते डोळ्यांत मावत नाही, आणि भर उन्हात खोदलेल्या रेघेला सावलीच नसते. गुरं घेऊन चाललेले एक आजोबा आम्हाला बघून हसले. "संध्याकाळी या," एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी पुन्हा गेलो. पाच वाजून गेले होते, ऊन कललं होतं, आणि सकाळी जिथे काही नव्हतं तिथे एकेक रेघ काळी होऊन वर आली. आधी पाय. मग सोंड. चित्रावर पाय न देता आम्ही कडेकडेने फिरलो. थोरली चार पावलांवर थांबायची, दिसेल तेवढा तुकडा वहीत काढायची, पुन्हा चार पावलं. एक फेरी पूर्ण झाल्यावर तिने पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कुठे आम्हाला अख्खा हत्ती दिसला. त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं, डझनावारी. एवढं मोठं चित्र काढणाऱ्याला ते पुरं कधी दिसलं असेल? नवरा म्हणाला, झाडावर चढून. थोरली म्हणाली, सड्यावर झाड कुठाय? यावर घरी येईपर्यंत भांडण चाललं.

हत्तीनंतर विहीर. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात पाण्याची बोंब होते, याचं कारण पायाखालचा हा जांभा दगडच. चाळणीसारखा. पाणी पितो आणि खाली सोडून देतो. आमच्या विहिरीत दोन हात पाणी उरलं होतं, ते पंपाने उपसलं. उतरण्याआधी काकूंनी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडायला लावला. विझला असता तर कुणीही खाली जायचं नव्हतं. तो विझला नाही, मग नवरा आणि त्याचा चुलतभाऊ उतरले. दिवसभर आम्ही रहाटावर घमेली ओढली. गाळातून दोन तांबे निघाले, एक चेपलेली कळशी आणि तीन रबरी चेंडू. चेंडू बघून दोघेही भाऊ गप्प झाले. तांब्यांबद्दल काकूंना फारच स्पष्ट आठवत होतं, कोणी कोणत्या साली टाकला तेही. गाळ निघाल्यावर कातळाच्या फटीतून उमाळा फुटताना मुलांनी वाकून बघितला.

या सगळ्या दिवसांत काकूंची आमसुलं चालूच होती. रातांबे फोडायचे, सालं वेगळी, गर आणि बिया मीठ लावून वेगळ्या. सालं रोज त्या रसात बुडवायची आणि रोज उन्हात घालायची, चार-पाच पुटं चढेपर्यंत. मुलांचे हात जांभळे झाले ते पुण्यात शाळा सुरू होईपर्यंत तसेच राहिले.

गडगा आम्ही शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यांना सोपा वाटत होता. दगडावर दगड. चुना नाही, सिमेंट नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरने मलबारात हे बघून १८०७ साली त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. गडग्याचे दगड मात्र विटेसारखे चौकोनी नसतात. खाणीतल्या कपच्या, तुटके चिरे, शेतातून वेचलेले धोंडे.

पहिल्या दिवशी दहा-बारा फूट घातला. संध्याकाळी धाकटा त्यावर चढला आणि तो बसला. गडगाही, धाकटाही. लागलं नाही, फक्त ढोपर खरचटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला, रात्री आपोआप ढासळला. तिसऱ्या दिवशी काकू काठी टेकत आल्या आणि खुर्ची टाकून बसल्या. "मोठा दगड खाली. त्याची लांबी गडग्याच्या आत जाऊ दे. दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा. फटीत चीप ठोक. आणि प्रत्येक दगडाला आधी हलवून बघ, तो हलला तर त्याला तिथे राहायचं नाहीये." मला काकांचं कौल आठवलं. त्या दिवशी आमची सगळ्यात कमी लांबी झाली, जेमतेम सहा फूट, पण धाकटा चढला आणि दगड हलला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कशेळीच्या सूर्यमंदिरात, कनकादित्याला, जाऊन आलो. ही मूर्ती प्रभासपट्टणहून गलबतातून आली, गलबत कशेळीच्या समुद्रात अडलं आणि नावाड्याने ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, अशी गोष्ट सांगतात. ती गुहा म्हणजे देवघळी. तिथे उभं राहून सूर्य बुडताना बघितला. यशवंतगड राहून गेला. नवरा अजून बोलून दाखवतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा काकूंचा फोन. पाऊस लागलाय, विहीर भरत्येय, गडगा उभा आहे. "आणि कौलं?" मी विचारलं.

"एकच गळतंय," काकू म्हणाल्या. "आढ्याखालचं, उजवीकडून तिसरं. तूच लावलंस ना गो ते?"