नरांना माठ, माद्यांना पेटी: आमची वाटचाल

2017 च्या दसऱ्याला आमच्या सशांच्या शेडवर पाटी लागली. वावरात विहिरीजवळ टिनाचं शेड, दहा माद्यांमागे तीन नर असे तीन युनिट, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे. ज्यानं ससे विकले तोच पिल्लं परत घेणार, असा स्टॅम्पपेपरवर करार. दीड वर्ष बरं गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2019 च्या होळीनंतर त्या ससे विकणाऱ्याचा फोन लागेना. तालुक्याच्या ऑफिसला कुलूप. खुराकाची उधारी फेडायला पिंजरे काढावे लागले. शेजारच्या गावातल्या एका ससेवाल्यानं ते भंगाराच्या भावात नेले, आणि वर म्हणाला, "आता मोकळे सोडा, बाप्पा, विणतात का पाहू!" तो भाव मी अजून विसरलो नाही.

उरल्या अकरा माद्या आणि दोन नर. साळेबुवा (बायकोचा भाऊ, माझा भागीदार) आणि मी शेडच्या अर्ध्या भागाला जाळी मारून सगळे एकत्र सोडले. चुका मोजा. काळी माती तशीच ठेवली, खाली जाळी नाही. आठ दिवसांत दोन्ही नर भिडले आणि एकानं दुसऱ्याला नको तिथे फाडलं. तो बाद. माद्यांनी बिळं कोरली, तीन जणी त्यातच व्यायल्या. मे महिन्यात विदर्भाचा पारा 47 च्या वर गेला, टिनाखाली काय झालं असेल ते ज्याचं शेड आहे त्याला सांगायला नको. पहिल्या मोठ्या पावसात बिळात पाणी शिरलं आणि होती ती पिल्लंही गेली.

मग सुरू झाला खरा छळ. माद्या छातीचे केस उपटून विण्यासाठी ठेवलेल्या पेटीत घालायच्या, पिल्लांना अंथरूण म्हणून. आम्ही दिवस मोजायचो. पेटीत केस, पिल्लू नाही. असं दोनदा झालं. "ससे वांझ झाले" हे आमच्या आधी बाजाराला कळलं. कुणी कळवलं, तेही आम्हाला माहीत आहे.

इथे आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं सांगितलंच पाहिजे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. 2018 मध्ये दोन माद्या आणि एक नर नेला, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी टोपली घेऊन हजर. आमच्याकडे द्यायला काही नव्हतं तेव्हाही यायचे, चहा प्यायचे, माद्यांच्या पाठीवर हात फिरवायचे. त्यांना वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायची सवय. जुन्या वहीत रकाने आखून दिले: नर सोडल्याची तारीख, केस उपटल्याची तारीख, व्यायल्याची तारीख. मी हसलो. ते म्हणाले, "भाऊ, तिकिटावर तारीख नसली तर प्रवास कोणत्या दिवसाचा धरू?"

त्या वहीनंच घोळ पकडला. नर सोडल्यापासून केस उपटेपर्यंत सतरा-अठरा दिवस. खरी गाभण मादी व्यायला तीस-एकतीस दिवस घेते आणि केस शेवटच्या दिवस-दोन दिवसांत उपटते. सशाच्या मादीचं बीज नर चढल्यावरच सुटतं. नराचं वीर्य निकामी असलं की बीज सुटतं पण फळत नाही, आणि अंगाला मात्र गाभण असल्यासारखंच वाटतं. म्हणजे माद्या ठीक होत्या. उन्हानं तापला होता नर. असा तापलेला नर सावरायला साधारण दोन महिने लागतात, तोवर नुसता चढतो.

नराला घरात आणला, उत्तरेच्या खोलीत, माठांच्या शेजारी. बायको आठवडाभर बोलली नाही. शेडमधली माती उपसून खाली जाळी, वर मुरूम ठोकला. टिनावर पराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, जाड थर. आंब्याच्या पेट्यांना सहा इंचांचा उंबरा ठेवून खोकी केली, माद्यांपेक्षा दोन जास्त, नाहीतर एक जण दुसरीच्या खोक्यात घुसते. पोळ्याला, बैलांच्या जोड्या तोरणाखालून सुटल्या त्या संध्याकाळी, नराला सोडलं आणि वहीत मांडलं. नवरात्राच्या पहिल्याच दिवशी चिंचिला व्यायली. सात पिल्लं. काका पेढे घेऊन आले, पैसे मात्र घेतले नाहीत.

आता कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. कापसाच्या मुलखात राहता म्हणून खोक्यात कापूस घालू नका, धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो. वाळलेलं गवत घाला. मादी व्याली त्याच दिवशी पुन्हा फळते, म्हणून नर कायम कळपात ठेवू नका, ती खंगते. पाच-सहा माद्यांना एक नर पुरे. मार्चपासून नर सावलीत. ओलं गोणपाट मेमध्ये चालतं, पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. (धुऱ्यावरचा रानससा धरून "जोडा लावून द्या" म्हणत येणारे दरवर्षी एखादे असतातच. तो ससा वेगळा, यांच्याशी त्याची वीण होत नाही आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला हात लावायची सोय नाही.) आणि भागीदारी साळ्याशी करा, पण हिशेब लिहून.

मागच्या जूनमध्ये शेजारच्या गावचा तो ससेवाला स्वतः नाही आला, पोराला पाठवलं. पिंजऱ्यातले नर उन्हानं गेले, एक चांगला नर पाहिजे. तेच पिंजरे, आमचे. मी भाव सांगितला तो भंगाराचा नव्हता. पोरगं चांगलं होतं, मुकाट्यानं दिला त्यानं. सोबत रकाने आखलेली कोरी वही दिली आणि नेण्यासाठी काकांचीच टोपली.

टोपली अजून परत आलेली नाही.