७०-२०० एफ/४: स्थिरीकरण असलेली की नसलेली? (नोंद तिसरी)

मागच्या नोंदीत मी कॅननच्या ईएफ ७०-२०० एमएम एफ/४ एल या लांबचे जवळ आणणाऱ्या झूम लेन्सपाशी येऊन थांबलो होतो. ही लेन्स १९९९ साली स्थिरीकरणाविना, म्हणजे हाताचा कंप सावरणाऱ्या यंत्रणेविना, आली आणि २००६ साली तिची आयएस, म्हणजे स्थिरीकरण असलेली, आवृत्ती निघाली. माझा कल सुरुवातीपासून जुन्या आवृत्तीकडे होता, कारण ती स्वस्त पडते, तिची रचना साधी आहे आणि हलणारा भागच नसेल तर तो बिघडण्याची भीतीही नाही, असा माझा सरळ हिशेब होता.

हा हिशेब बदलला तो माझ्याच वाया गेलेल्या फोटोंमुळे. वर्षभरातले हललेले फोटो पुसून टाकण्याआधी मी ते एकेक करून पूर्ण मोठे करून पाहिले, तेव्हा त्यांत दोन अगदी वेगळ्या जाती दिसल्या. एका फोटोत खंड्या फांदीवर बसला आहे, फांदीच्या सालीवरची प्रत्येक चीर स्वच्छ दिसते, पण पक्ष्याची मान वळत असल्याने चोच पुसट झाली आहे. दुसऱ्या फोटोत पक्षी, फांदी, मागची पाने असे सगळेच एकाच तिरप्या दिशेने ओढले गेले आहे आणि डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका बारीक रेघ बनला आहे. पहिला दोष पक्ष्याच्या हालचालीचा आहे आणि त्यावर जगातले कोणतेही स्थिरीकरण चालत नाही. तिथे शटरगतीच वाढवावी लागते. दुसरा दोष माझ्या हाताचा आहे, आणि माझ्याकडचे बहुतेक वाया गेलेले फोटो याच दुसऱ्या जातीचे, दिवेलागणीच्या सुमारास १/३० ते १/१२५ सेकंदांत काढलेले निघाले.

त्यानंतर एका मित्राकडून आयएस आवृत्ती आठवडाभरासाठी मागून आणली. जुनी आवृत्ती दुसऱ्या एकाकडून आधीच आणलेली होती. फुल फ्रेम कॅमेरा हातात धरून, २०० एमएमवर, खोलीच्या पलीकडच्या पुस्तकांच्या कण्यांवरची अक्षरे टिपायची आणि प्रत्येक शटरगतीला दहा फोटो घ्यायचे, असे ठरवले. जितकी फोकल लांबी तितका शटरगतीचा छेद (२०० एमएमला किमान १/२०० सेकंद), हा जुना आडाखा जुन्या लेन्सने चोख पाळला: १/२०० ला दहापैकी नऊ फोटोंत अक्षरे स्पष्ट होती, १/५० ला तीनच, आणि १/२५ ला एकही नाही. आयएस आवृत्तीने १/२५ ला आठ आणि १/१३ ला पाच फोटो दिले. कॅनन या लेन्ससाठी चार स्टॉपचा दावा करते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येणे), म्हणजे १/२०० वरून साधारण १/१३ पर्यंत. माझ्या हाताला तिथे निम्मे यश मिळाले, पण तीन स्टॉपचा भरवसा मी नि:शंकपणे धरू शकतो.

आकड्यांपेक्षाही मला पटला तो व्ह्यूफाइंडरमधला अनुभव. शटरचे बटण अर्धे दाबले की लेन्समधून बारीक घरघर ऐकू येते, थरथरणारे चित्र क्षणभर सरकते आणि मग जागच्या जागी तरंगत राहते. आतले जायरो संवेदक हाताचा कंप मोजतात आणि भिंगांचा एक गट त्याच्या उलट दिशेने सरकवला जातो, हे वाचून माहीत होते. पण स्थिर चित्रामुळे फोकसचा बिंदू नेमका डोळ्यावर ठेवणे किती सोपे होते, हे हातात घेतल्यावरच कळले. पूर्ण परिणामासाठी क्षणभर थांबावे लागते, त्यामुळे बटण घाईने एकदम दाबणाऱ्याला हा लाभ पुरता मिळत नाही.

वजनाची माझी शंका फोल ठरली: ७०५ ग्रॅमच्या जागी ७६० ग्रॅम. नव्या आवृत्तीत १६ ऐवजी २० भिंगे आहेत, तरी माझ्या फोटोंत तीक्ष्णतेत काही उणे दिसले नाही. शिवाय धूळ आणि ओलाव्यापासून संरक्षण तिलाच आहे.

याच ७०-२०० च्या, स्थिरीकरण नसलेल्या पण जास्त उघडणाऱ्या एफ/२.८ लेन्सचाही विचार मी केला. तिच्यात दुप्पट प्रकाश येतो, म्हणजे हलत्या पक्ष्यासाठी शटरगती खरोखर दुप्पट करता येते, आणि ज्यांचे वाया गेलेले फोटो पहिल्या जातीचे असतील त्यांनी माझ्या मते तीच घ्यावी. मात्र तिचे १३१० ग्रॅम वजन दिवसभर हातात वागवणे मला जमणार नाही.

म्हणून आयएस आवृत्ती घेतली. ट्रायपॉडवर लावताना स्थिरीकरण बंद करण्याची सवय मी सध्या मुद्दाम लावून घेत आहे. राहिला प्रश्न स्थिरीकरणाच्या दुसऱ्या मोडचा, ज्यात कॅमेरा आडवा फिरवताना फक्त उभ्या दिशेचा कंप सावरला जातो: पुढच्या आठवड्यात धावत्या सायकलींवर १/६० आणि १/३० ला तो तपासणार आहे.